डीएपी कुठल्या दुकानात उतरलं, हे स्क्रिप्ट सांगेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. औसा तालुक्यातल्या एका तरुणाचे वडील दर वर्षी पेरणीच्या तोंडावर डीएपी खतासाठी मोंढ्यातली, म्हणजे बाजारपेठेतली, दुकानं पालथी घालतात. एक जण म्हणतो "संपलं", दुसरा म्हणतो "उद्या या", तिसरा म्हणतो "देतो, पण सोबत हे दोन डबे घ्यावे लागतील". मुलाला पायथन थोडंफार येतं. खताच्या दुकानांचा साठा सरकारी संकेतस्थळावर दिसतो, हे त्याच्या कानावर आलंय. तो रोज आपोआप तपासून माल कुठं उतरला हे फोनवर कळवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिता येईल का, आणि ते कायद्यात बसतं का, असं त्यानं विचारलंय.

लिहिता येते, आणि लिहावीच. मी शेतकरी उत्पादक कंपन्यांची संगणकाची कामं बघतो. लातूर-परभणी भागात असल्या स्क्रिप्ट काही हंगाम चालवल्या आहेत. तेव्हा काय जमतं, काय जमत नाही, ते सांगतो. ओळी लिहून देत नाही, कारण ही पानं कधीही बदलतात आणि कुठून तरी उचललेल्या ओळी ऐन मृगात दगा देतात. रीत कळली की ओळी तुमच्या तुम्हाला सुचतील.

आधी तो आकडा येतो कुठून ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. २०१८ पासून देशभर खताचं अनुदान कंपनीला तेव्हाच मिळतं, जेव्हा दुकानदार पीओएस मशीनवर (विक्री नोंदवणाऱ्या यंत्रावर) शेतकऱ्याचा आधार घेऊन पोतं विकतो. त्यामुळे पोत्या-पोत्याचा हिशेब केंद्राच्या खत विभागाच्या प्रणालीत जातो. त्याच विभागाच्या 'उर्वरक' या संकेतस्थळावर 'किसान कॉर्नर' नावाचा कोपरा आहे. तिथं राज्य आणि जिल्हा निवडला की किरकोळ विक्रेत्यांचा त्या दिवशीचा सुरुवातीचा साठा दिसतो. लॉगिन लागत नाही. आकडा मेट्रिक टनात असतो. डीएपीचं पोतं ५० किलोचं, म्हणजे ०.०५ टन, युरियाचं ४५ किलोचं, म्हणजे ०.०४५ टन. स्क्रिप्टनं पहिलं काम हे करावं: टनाची पोती करावीत. घरात कुणाला "०.४५ मेट्रिक टन" म्हणून सांगितलं तर काही कळत नाही, "डीएपीची नऊ पोती" म्हटलं की लगेच कळतं.

आता मुद्द्याचं. हा आकडा मशीनमधला आहे, गोदामातला नाही. दोन्हींत फरक पडतो आणि तो दोन्ही बाजूंनी पडतो. रेक, म्हणजे खताची मालगाडी, लातूरला किंवा परभणीला लागते. एका पूर्ण रेकमध्ये अडीच हजार टनांहून जास्त माल असतो. तिथून तो घाऊक विक्रेत्याकडं, मग ट्रकनं तालुक्याच्या दुकानात जातो. दुकानदारानं मशीनवर "माल मिळाला" अशी नोंद केली की तो त्याच्या खात्यावर चढतो. नोंद राहिली तर दुकानासमोर थप्पी लागलेली असते आणि पानावर शून्य दिसतं. उलटही होतं. गर्दीच्या दिवशी अंगठा लागत नाही, नेटवर्क जातं, दुकानदार वहीत नावं लिहून माल देतो आणि मशीनवरची बिलं रात्री किंवा दोन दिवसांनी फाडतो. मग पानावर दहा टन दिसतात आणि दुकानात उंदीर खेळत असतात.

म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर गाडीला किक मारू नका. ज्याच्याकडं रोजचे आकडे ओळीनं साठवलेले असतात, त्याला ते वाचता येतात. स्क्रिप्टची खरी किंमत इथं आहे: पान तुम्हाला फक्त आज दाखवतं, काल काय होतं ते स्क्रिप्ट लक्षात ठेवते.

समजा, तालुक्यातल्या तीन दुकानांचे डीएपीचे पाच दिवसांचे आकडे असे आले. पहिलं दुकान: ०.१५, ०.१५, ०.१५, ०.१५, ०.१५. म्हणजे तीन पोती, पाच दिवस जागची न हललेली. ऐन हंगामात तीन पोती पाच दिवस शिल्लक राहत नाहीत. हा मशीनमध्ये अडकलेला शिळा आकडा आहे. फुटलेली पोती असतील, नाहीतर कधीतरी बिल न करता दिलेली. अशी दुकानं प्रत्येक तालुक्यात भरपूर असतात. नवखा माणूस त्यांच्याच मागं धावतो, कारण यादीत "साठा आहे" असं दिसतं. दुसरं दुकान: ०, ०, १०, ६.३५, १.२. इथं तिसऱ्या दिवशी दहा टनांची गाडी चढली, म्हणजे २०० पोती. चौथ्या दिवसाच्या सकाळपर्यंत ७३ गेली, मग १०३, आता २४ उरलीत. हा सरळ विकणारा माणूस. त्याच्याकडं माल चढलेल्या दिवशीच सकाळी जायचं. संध्याकाळी गेलात तरी चालेल, परवा गेलात तर हात हलवत परत. तिसरं दुकान: ०, १०, १०, १०, ०.४. तीन दिवस हालचाल नाही आणि चौथ्या दिवशी एकदम १९२ पोत्यांची बिलं. याचे अर्थ तीन निघतात: दुकान बंद होतं, माल विकून बिलं नंतर केली, किंवा माल धरून ठेवला. कुठला ते आकडा सांगत नाही, पण दोन हंगामांचे आकडे हाताशी असले की हा त्या दुकानाचा स्वभाव आहे की एखादवेळचा अपवाद, हे लगेच दिसतं.

आता स्क्रिप्टकडं. पान संगणकावर क्रोममध्ये उघडा, एफ-१२ दाबा, 'नेटवर्क' टॅबवर जा आणि मग जिल्हा निवडा. त्या क्षणी ब्राउझर सर्व्हरकडं काय मागतो ते खाली ओळींत उमटतं. इथं दोन प्रकार भेटतात. पहिल्यात ब्राउझर एक पत्ता मागतो आणि उत्तरात स्वच्छ जेसन (प्रोग्रामला थेट वाचता येणारी मांडणी) येतं. तसं असेल तर तुमचं काम अर्ध्या तासाचं. त्या ओळीवर उजवी कळ दाबून 'कॉपी ॲज कर्ल' घ्या आणि पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीनं तीच विनंती पाठवा. दुसरा प्रकार जुन्या धाटणीच्या फॉर्मचा. राज्य निवडलं की पान पुन्हा लोड होतं, जिल्हा निवडला की पुन्हा, आणि प्रत्येक वेळी पोटात एक लांबलचक लपलेला रकाना किंवा सत्राची कुकी फिरत असते. तिथं विनंत्या त्याच क्रमानं, एकाच 'सेशन'मधून पाठवाव्या लागतात: आधी कोरं पान मागवा, त्यातली लपलेली मूल्यं काढा, ती घेऊन राज्य पाठवा, उत्तरातून नवी मूल्यं काढा, मग जिल्हा. शेवटी टेबल आलं की ब्यूटिफुल सूपनं किंवा पांडाजच्या टेबल वाचणाऱ्या फंक्शननं ओळी काढा. थेट सेलेनियमकडं, म्हणजे सबंध ब्राउझर चालवणाऱ्या साधनाकडं, धावू नका. मांजर मारायला तोफ लागत नाही, आणि जुन्या फोनवर ती तोफ चालतही नाही.

नावांनी मात्र हैराण व्हाल. एका तालुक्यात एकाच नावाची चार कृषी सेवा केंद्रं सहज निघतात. रोमन लिपीत कुणी कृषीचं स्पेलिंग एक करतं, कुणी दुसरं, कुणी मध्ये टिंब टाकतं. म्हणून दुकानाची ओळख नावावरून ठरवू नका. विक्रेत्याचा क्रमांक हीच किल्ली धरा. नाव फक्त दाखवायला. जिल्ह्यांचंही तेच. धाराशिव सापडलं नाही तर उस्मानाबाद बघा, छत्रपती संभाजीनगर नसेल तर औरंगाबाद. नावं २०२३ मध्येच बदलली, पण याद्यांना ते सगळीकडं कळलेलं नसतं. खताच्या नावाला तर धरबंधच नाही. डीएपी, डी.ए.पी., १८-४६-०, त्यापुढं कंपनीचं नाव. एक छोटा शब्दकोश करा: हे सगळे प्रकार म्हणजे डीएपी. नवीन प्रकार आला तर स्क्रिप्टनं तो गुपचूप टाकून देऊ नये, "हे नाव ओळखलं नाही" असं तुम्हाला कळवावं.

साठवण साधी ठेवा. तारीख, विक्रेता क्रमांक, खत, टन. रोजच्या ओळी खाली जोडत जायच्या, जुनं कधी पुसायचं नाही. सीएसव्ही फाइल चालते, एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस त्याहून बरा. सीएसव्ही केलीत आणि देवनागरी नावं एक्सेलमध्ये किडामुंगी दिसायला लागली, तर फाइल यूटीएफ-८-सिग या एन्कोडिंगनं लिहा, दुखणं जाईल.

एक बारीक गोष्ट इथं जास्त वेळ घेऊन सांगतो, कारण खोटे निरोप यातूनच जातात. साठा संपलेलं दुकान यादीत शून्य म्हणून येईलच असं नाही. बऱ्याचदा ते यादीतून गायबच होतं. म्हणजे काल होतं आणि आज नाही, याचा अर्थ शून्य धरायचा. पण सर्व्हर अर्धं पान देऊन मध्येच गळपटला, तर अर्धी दुकानं गायब होतात आणि तुमची स्क्रिप्ट ती सगळी शून्य धरते. दुसऱ्या दिवशी पान नीट आलं की तिला वाटतं, साठ दुकानांत एकदम माल उतरला! साठ निरोप जातात, आणि गावात तुमची पत संपते. उपाय सोपा आहे. आलेल्या ओळी मोजा. कालच्या निम्म्याहूनही कमी असतील तर तो दिवस "पान आलं नाही" म्हणून नोंदवा, तुलना करू नका, आणि पुढची तुलना शेवटच्या चांगल्या दिवसाशी करा. मोजणी ही दोन ओळींची आहे, पण तिच्याशिवाय निरोप पाठवूच नयेत, असं माझं मत.

निरोप कधी द्यायचा? साठा आहे म्हणून नाही, साठा वाढला म्हणून. मी उंबरठा दोन टनांचा ठेवतो, म्हणजे ४० पोती. त्याखालची वाढ परतावा, दुरुस्ती किंवा दोन दुकानांतली देवघेव असते. निरोप एका ओळीचा असावा: "डीएपी, औसा, दुकान अमुक, काल ०.१५, आज १०, वाढ १९७ पोती." टेलिग्रामवर बॉटफादर या टेलिग्रामच्याच खात्याकडून बॉट (आपोआप निरोप देणारं खातं) करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे, पैसे लागत नाहीत. गावात सगळे व्हॉट्सॲपवर आहेत हे मला माहीत आहे. पण व्हॉट्सॲपवर आडवाटेनं आपोआप निरोप पाठवणाऱ्या लायब्ररी वापरल्या की नंबर बंद होतो, आणि तो बहुधा वडिलांचाच नंबर असतो. निरोप टेलिग्रामवर येऊ द्या, पुढं पाठवायचा की नाही हे माणसानं ठरवावं. ते का, हे पुढं येतंच.

चालवायची कुठं, यावर बरेच जण अडतात. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर फुकट वेळापत्रक लावता येतं. तिथली वेळ यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, सकाळी साडेसहाला चालवायचं तर ०१:०० लावा. गुगल शीटमध्ये ॲप्स स्क्रिप्ट लिहूनही होतं, आणि पायथन न येणाऱ्याला तो रस्ता बरा. पण दोन्हीकडं विनंती परदेशातल्या सर्व्हरवरून जाते आणि आपली बरीच सरकारी संकेतस्थळं परदेशी पत्ते अडवतात. घरी चालतं, गिटहबवर टाइमआउट, असं दिसलं तर कारण हेच असतं. त्यावर उतारा म्हणजे घरात पडलेला जुना अँड्रॉइड फोन. त्यात टर्मक्स (फोनवर स्क्रिप्ट चालवू देणारं ॲप) टाका, पायथन टाका, क्रॉन (ठरल्या वेळी चालवणारं साधन) लावा, सेटिंगमध्ये टर्मक्ससाठी बॅटरी बचत बंद करा, नाहीतर फोन त्याला रात्री झोपवतो. आपल्याकडच्या भारनियमनात या फोनचा संगणकापेक्षा मोठा फायदा आहे: लाइट गेली तरी तो चालू असतो.

सरकारी पानांवर प्रमाणपत्राची चूक येते, म्हणजे एसएसएलची साखळी अर्धवट असते. इंटरनेटवर लगेच सल्ला मिळतो की तपासणी बंद करून टाका. नुसतं उघडं पान वाचायला एकवेळ चालेल, पण ती सवय लावून घेऊ नका. मधलं प्रमाणपत्र उतरवून जोडणं फार अवघड नाही. विनंतीला साठ सेकंदांची मुदत द्या, जमलं नाही तर थोडं थांबून पुन्हा, असं तीनदा. चौथ्यांदा नको.

आणि किती वेळा तपासायचं? दिवसातून एकदा, फार तर दोनदा. इथं लोकांना २०२१ चा मे महिना आठवतो. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाला लस सुरू झाली, कोविनवर जागा उघडायच्या आणि डोळ्यांदेखत भरायच्या, तेव्हा प्रत्येक जण दर काही सेकंदांनी तपासणारी स्क्रिप्ट चालवत होता. शेवटी सरकारनं एका पत्त्याला पाच मिनिटांत १०० विनंत्यांची मर्यादा घातली आणि बाहेर दिला जाणारा आकडा अर्ध्या तासापर्यंत जुना असू शकतो असं लिहून टाकलं. खताचं तसं नाही. पानावर दिवसाच्या सुरुवातीचा साठा आहे. तो दर मिनिटाला विचारला तरी तोच येणार. दोन विनंत्यांमध्ये पाच-दहा सेकंद थांबा, फक्त आपला आणि शेजारचे दोन-तीन तालुके घ्या. सबंध मराठवाड्याचे आठ जिल्हे ओढून काय करणार? हिंगोलीहून औशाला डीएपी आणणं परवडत नाही.

कायद्याचं विचारलंत. सर्वांसाठी उघडं ठेवलेलं पान स्वतःच्या वापरासाठी, सावकाश वाचणं आणि कुलूप तोडून आत जाणं, यांत फरक आहे. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३ वं कलम परवानगीशिवाय यंत्रणेत शिरणं, माहिती काढून घेणं आणि यंत्रणेचं काम अडवणं, या तिन्हींवर भरपाईची जबाबदारी टाकतं. तेच अप्रामाणिकपणे केलं तर ६६ व्या कलमानं गुन्हा होतो. त्यामुळे माझा नियम ठरलेला आहे. लॉगिन मागितलं की थांबायचं. कॅप्चा आला की थांबायचं. तो सोडवून देणाऱ्या सेवा विकत घ्यायच्या नाहीत, हातानं पान उघडून बघायचं. कुणा दुकानदाराचा आयडी-पासवर्ड "वापरून बघ" म्हणून मिळाला तर तो घ्यायचा नाही. संकेतस्थळाच्या अटी आणि रोबोट्स फाइल (स्क्रिप्टनं काय वाचावं, काय नाही हे सांगणारी) आधी वाचायची. आणि कुठल्या शेतकऱ्यानं किती पोती घेतली असल्या याद्या कुठं दिसल्याच, तर त्यांना हात लावायचा नाही. आपल्याला दुकानाचा साठा हवाय, माणसांची नावं नकोत.

स्क्रिप्टनं निरोप दिला की पुढचं काम फोनचं. दुकानदाराशी बोलताना "तुमच्याकडं दहा टन आहेत, मला माहितीये" असा सूर लावलात तर तो फोन ठेवेल आणि पुढच्या वर्षीही उचलणार नाही. "डीएपी आलंय का? मशीनवर चढलंय का? वाटप कधी?" एवढंच. मशीनवर चढलंय का, हा प्रश्न ऐकला की समोरच्याला कळतं की विचारणाऱ्याला कामाची माहिती आहे, आणि उत्तर सरळ मिळतं. ज्याच्या नावानं घ्यायचं तो माणूस आणि त्याचं आधार सोबत न्या, अंगठा त्याचाच लागणार. भाव पोत्यावर छापलेला असतो; डीएपी गेली काही वर्षं १३५० रुपये, युरिया २६६ रुपये ५० पैसे. बिल मागून घ्या.

सोबतच्या दोन डब्यांचं, म्हणजे लिंकिंगचं. गरज नसलेलं औषध किंवा खत गळ्यात मारणं बेकायदा आहे, आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे, दुकानदारालाही. बऱ्याचदा ते वरूनच येतं. कंपनी त्याच्या माथी मारते, तो तुमच्या. तरी तक्रार त्याच्याच बिलावर होणार. १९८५च्या खत नियंत्रण आदेशानुसार दुकानात साठा आणि भाव यांचा फलक लावणं बंधनकारक आहे. फलकाचा फोटो, बिल, आणि त्या दिवशीचा पानावरचा आकडा ही तीन कागदं घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याकडं किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं जा. तुमच्या स्क्रिप्टमधला आकडा तिथं पुरावा म्हणून ठेवू नका. मशीन आणि गोदाम यांत फरक पडतो हे वर सांगितलंच. तो आकडा तपासणी मागायला पुरेसा आहे, आरोप करायला नाही.

निरोप कुणाकुणाला द्यायचा, यावर माझं मत काही जणांना आवडत नाही. तालुक्याच्या पाचशे जणांच्या ग्रुपवर "अमुक दुकानात २०० पोती" असं टाकलंत, की पहाटे पाचला तिथं चारशे माणसं. दुकानदार शटर ओढतो, पोलीस येतात, आणि आधी फोन करून ठेवलेला म्हातारा रांगेच्या शेवटी उभा राहतो. लसीच्या वेळी हेच झालं. स्क्रिप्टवाली शहरातली मंडळी गाडी काढून खेड्यातल्या केंद्रावर गेली आणि गावातले लोक बघत राहिले. म्हणून गटापुरतं ठेवा. आपल्या वाडीतली, आपल्या गटातली माणसं, त्यांची गरज आधी लिहून घेतलेली, आणि एकानं फोन करून खात्री केल्यावरच निरोप पुढं. शक्य असेल तर गटाची मागणी एकत्र करून दुकानदाराला आधीच सांगा. त्यालाही तेच हवं असतं. तुमच्याकडं उत्पादक कंपनी असेल आणि तिच्याकडं खताचा परवाना असेल, तर मग हा सगळा खटाटोप निम्म्यावर येतो.

आणखी एक, जे या प्रश्नात विचारलेलं नाही पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात उपयोगी आहे. स्क्रिप्ट फक्त डीएपी शोधत असेल तर ती अर्धीच आहे. आपल्याकडं डीएपीसाठी जीव टाकतात तो सोयाबीनपायी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची सोयाबीनला शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश अशी आहे; एकरी १२, २४, १२. डीएपीच्या एका पोत्यातून ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळतं, पालाश काहीच नाही. १२:३२:१६ (नत्र, स्फुरद, पालाश यांची टक्केवारी) या खताचं दीड पोतं, म्हणजे ७५ किलो, टाकलं तर ९, २४ आणि १२ मिळतं. पालाशही त्यातच आलं. १०:२६:२६ ची दोन पोती १०, २६, २६ देतात. तीही नसतील तर सिंगल सुपर फॉस्फेटची तीन पोती आणि युरियाचं अर्धं पोतं: २४ किलो स्फुरद, दहा किलोच्या वर नत्र, आणि वर सोळा किलोंहून जास्त गंधक. तेलबियांना गंधक लागतंच. देशाला लागणाऱ्या डीएपीचा मोठा भाग बाहेरून येतो. चीननं निर्यात आवळली की आपल्या मोंढ्यात रांग लागते. सुपर फॉस्फेट बहुतेक इथंच तयार होतं, त्यामुळे त्याची टंचाई तितकी होत नाही. तर स्क्रिप्टला सांगा: डीएपी, १२:३२:१६, १०:२६:२६, २०:२०:०:१३ आणि सुपर, पाचही बघ. प्रत्येकाचं एकरी पोत्यांत रूपांतर कर आणि निरोपात लिही, "डीएपी कुठंच वाढलं नाही, १२:३२:१६ अमुक दुकानात, तुमच्या चार एकरांना सहा पोती." असा निरोप गेला की निम्मी माणसं डीएपीचा हट्ट सोडतात. उरलेले सोडत नाहीत, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या काळ्या दाण्यावरच विश्वास आहे. सुपर तेवढं पेरणीयंत्रात टाकताना कोरडं आणि मोकळं आहे का बघा, नाहीतर नळ्या तुंबतात.

बियाण्याला ही रीत लागू पडत नाही. एखादं सोयाबीनचं वाण किंवा कपाशीची मागणी असलेली पाकिटं कुठल्या दुकानात किती आहेत, हे दाखवणारं असं दुकाननिहाय उघडं पान माझ्या वापरात नाही. तिथं फोन आणि ओळखी. औषधं, ट्रॅक्टरचे सुटे भाग, पंपाचं सामान यांच्या साखळी दुकानांची संकेतस्थळं पिनकोड टाकला की "उपलब्ध" किंवा "नाही" एवढं दाखवतात. त्यांच्यावर हीच रीत चालते, फक्त अटी आधी वाचा, कारण खासगी कंपन्या बहुतेक वेळा आपोआप वाचायला मनाई करतात. मनाई असेल तर हातानं बघा.

वेळापत्रकाचं सांगून थांबतो. मृग ७-८ जूनला निघतो, पण कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतो, म्हणजे मराठवाड्यात बहुधा जूनचा दुसरा पंधरवडा. स्फुरद सगळं पेरणीसोबतच द्यायचं असतं, नंतर टाकून उपयोग नाही. म्हणून स्क्रिप्ट मेच्या पहिल्या आठवड्यातच चालू करा. तेव्हा मागणी कमी असते, माल सावकाश चढत असतो आणि कुठलं दुकान कसं विकतं हे गर्दीच्या आधीच कळतं. खत मेमध्येच घेऊन ठेवता आलं तर उत्तम. पोती लाकडी फळ्यांवर रचा, भिंतीला टेकवू नका. हरभऱ्यासाठी पुन्हा सप्टेंबरअखेर सुरू करायची. त्याआधी एकदा पान हातानं उघडून बघा, रकान्यांचा क्रम बदलला असेल तर स्क्रिप्ट टनाच्या जागी दुसराच आकडा वाचत बसेल, आणि परवाने बदललेली दुकानं यादीतून काढून टाका.